व्हॉयेजरवरचे शाकुहाचीवादक यामागुची गोरो: त्यांना मिळाला तो राष्ट्रीय पुरस्कार म्हणावा का?

अग्रशाळेतला श्रोता (फोंडा)

सर्वांस सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या अग्रशाळेत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण जमतो आणि जुनी ध्वनिमुद्रणे ऐकतो. गेल्या बैठकीचा विषय होता व्हॉयेजर यानांवरची सोनेरी तबकडी. सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली या तबकडीवरून अंतराळात गेली, हे गोव्यात गाण्याची थोडी जरी आवड असलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यातून त्यांचे गाव केरी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ती साडेतीन मिनिटे आम्ही वर्षातून एकदा तरी ऐकतोच. या वेळी मात्र संयोजन करणाऱ्या तरुणाने, केसरबाईंच्या पंगतीला त्या तबकडीवर आणखी कोण बसले आहे तेही पाहू या, असे म्हणत जपानची ४ मिनिटे ५१ सेकंदांची एक रचना लावली. शाकुहाची या बांबूच्या उभ्या बासरीवर यामागुची गोरो यांनी वाजवलेली ती रचना घरट्यातल्या क्रौंच पक्ष्यांची आहे. तिला ठेका नाही आणि साथही नाही. फुंकर आधी ऐकू येते, स्वर मागाहून येतो, आणि मध्ये इतकी शांतता असते की दोनदा कोणीतरी लॅपटॉप बंद पडला की काय म्हणून वाकून पाहिले. आमच्यातले ऐंशीच्या घरातले एक भजनी बुवा पहिल्याच मिनिटाला ‘वारोच चड आयकूं येता’ (वाराच जास्त ऐकू येतो) असे पुटपुटले आणि रचना संपल्यावर ‘परत लाव’ म्हणाले.

अडचण अशी आहे की आमची वार्षिक स्मरणिका छापायला जायची आहे आणि तिच्यात मी असे वाक्य लिहिले आहे: ‘जपानी अभिजात संगीतातील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्काराने सन्मानित यामागुची गोरो यांची बासरी आणि आपल्या केसरबाईंची भैरवी एकाच यानातून अंतराळात गेली.’ मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंनी ‘सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्काराने सन्मानित’ या शब्दांखाली दोन रेघा ओढून पाठवल्या आणि समासात ‘खात्री केली का?’ एवढेच लिहिले. खात्री केली नव्हती, हे कबूल करतो. संयोजकाने सांगितले ते मी उतरवून घेतले. त्याने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ असाही एक शब्द वापरला होता. हा पुरस्कार आहे, पदवी आहे की आणखी काही, आणि रचना तबकडीसाठी निवडली गेली तेव्हा तो मान त्यांच्याकडे होता का, हे जाणकारांनी सांगावे. आमचे मंडळही दरवर्षी एका ज्येष्ठ कलावंताचा सत्कार करते. त्या दृष्टीने आपल्याकडच्या कोणत्या सन्मानाशी त्याची तुलना करता येईल, हेही समजून घ्यायला आवडेल.

म्हापसा–नागोया

आपल्या ताईंनी दोन रेघा ओढल्या, दोन्ही योग्य जागी आहेत. मी नोकरीनिमित्त सात वर्षे नागोयात होतो आणि तिथे पावणेदोन वर्षे एका शिक्षकांकडे शाकुहाची शिकायला जात होतो. पहिले दोन महिने त्या नळीतून माझ्या श्वासाखेरीज काहीच बाहेर आले नाही, त्यामुळे आपल्या बुवांच्या ‘वारोच चड’ या अभिप्रायाशी मी मनापासून सहमत आहे. ‘मान हलवायला तीन वर्षे, बोटांना आठ वर्षे’ अशा अर्थाची म्हणच त्या वाद्याबद्दल जपानीत आहे, कारण स्वरातला कंप तिथे मान हलवून काढतात.

आता मुद्द्याकडे येतो. यामागुची गोरो यांना जे मिळाले त्याला लोक ‘निंगेन कोकुहो’ म्हणतात. निंगेन म्हणजे माणूस आणि कोकुहो म्हणजे राष्ट्रीय ठेवा. हा शब्द वर्तमानपत्रांतला आणि बोलण्यातला आहे, कायद्यात तो नाही. कायद्यातला शब्द लांबलचक आहे आणि त्याचे मराठी ‘महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक ठेव्याचा धारक’ असे होईल. यातल्या ‘धारक’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. २६ जानेवारी १९४९ रोजी नाराजवळच्या होर्यूजी मंदिराच्या मुख्य सभागृहाला आग लागून तिथली प्राचीन भित्तिचित्रे करपली आणि त्या धक्क्यातून १९५० साली जपानने सांस्कृतिक ठेव्यांच्या रक्षणाचा नवा कायदा केला. इमारती, मूर्ती, चित्रे यांच्या जोडीने गाणे, वाजवणे, नाट्य, विणकाम, कुंभारकाम यांसारख्या हातात धरता न येणाऱ्या गोष्टींनाही त्या कायद्याने ठेवा मानले. सुरुवातीला, सरकारने हात दिला नाही तर नष्ट होतील अशाच कलांचा विचार होता. १९५४ च्या दुरुस्तीने कलेचे आणि इतिहासाचे मोल ही कसोटी ठरली आणि १९५५ साली पहिले धारक जाहीर झाले.

पद्धत अशी की आधी कलेची नोंद होते आणि मग ती कला ज्याच्या ठायी आहे त्या माणसाला मान्यता मिळते. म्हणजे नोंदीत ‘शाकुहाची’ हा ठेवा असतो आणि यामागुची हे त्याचे धारक असतात. भित्तिचित्राला जशी भिंत लागते तशी कलेला माणूस लागतो, इतक्या रोखठोक हिशेबाने ते याकडे पाहतात. धारकाचे निधन झाले की त्याची मान्यता संपते, ती ‘मरणोत्तर’ देण्याची सोय नाही, आणि एखाद्या कलेचे सगळेच धारक गेले तर कायद्यानुसार त्या कलेची नोंदही आपोआप रद्द होते. पुढे लायक माणूस सापडला तर नोंद पुन्हा नव्याने करावी लागते. तिथल्या एका परिचितांनी हे मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा मला ते निष्ठुर वाटले होते, आता वाटत नाही.

पैशांचे म्हणाल तर धारकाला वर्षाला २० लाख येन मिळतात. येनचा भाव रुपयापेक्षा कमी असल्यामुळे आकड्याने दिपून जाऊ नये. ही रक्कम बक्षीस म्हणून दिली जात नाही. स्वतःची कला घासूनपुसून ठेवावी आणि पुढच्यांना शिकवावी यासाठी ते अनुदान असते आणि ते कसे खर्च केले हे सरकारला कळवावे लागते. अंदाजपत्रकाच्या मर्यादेमुळे असे धारक एका वेळी साधारण ११६ च असू शकतात, आणि त्यांत केवळ वादक-गायक नसून नो, काबुकी, बुनराकू या रंगभूमींचे कलावंत, कुंभार, विणकर, लाखकाम करणारे असे सगळे येतात.

‘सर्वोच्च’ हा शब्दही काढून टाका. ज्याला आपण राष्ट्रीय बहुमान म्हणतो तशा अर्थाचे जपानमध्ये ‘बुन्का कुन्शो’, म्हणजे संस्कृतिपदक, हे १९३७ पासून आहे आणि ते ३ नोव्हेंबरला संस्कृतिदिनी सम्राटांच्या हस्ते देतात. शास्त्रज्ञ, लेखक, चित्रकार, संगीतकार अशा सर्वांचा त्यात विचार होतो. धारकाची मान्यता हा त्याच्या वरचा किंवा खालचा पुरस्कार नाही, तिचा रस्ताच वेगळा आहे.

राहिला काळाचा प्रश्न. यामागुची यांचा जन्म १९३३ चा. तबकडीवरची रचना त्यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात शिकवायला गेले असताना ध्वनिमुद्रित केलेल्या संग्रहातली आहे. तेव्हा ते तिशीतले होते. धारक म्हणून मान्यता त्यांना १९९२ साली मिळाली, म्हणजे याने निघून गेल्यावर पंधरा वर्षांनी, आणि १९९९ साली ते गेले. तेव्हा ‘सन्मानित यामागुची यांची बासरी गेली’ हे काळाच्या दृष्टीनेही बसत नाही.

कुर्डीची लेक

म्हापसा–नागोया बाब, आपण फार नेमके लिहिले आहे, तरीही माझ्या मनात थोडी शंका आहे.

मी कुर्डीची. आमचे गाव साळावलीच्या धरणाखाली गेले आणि मे महिन्यात पाणी ओसरले की उघडे पडते. दरवर्षी आम्ही तिथे जातो तेव्हा मोगूबाई कुर्डीकरांच्या घराचा चौथरा पाहायला बाहेरची माणसेही येतात. शाळेत संगीत शिकवून मी निवृत्त झाले आहे, त्यामुळे सन्मान आणि शिकवणे यांचा एकमेकांशी किती संबंध असतो याचा थोडा अनुभव मलाही आहे.

केसरबाई आणि मोगूबाई या दोघींना अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली. केसरबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५३ मध्ये, म्हणजे अकादमी सुरू झाली त्या वर्षीच मिळाला, आणि १९६९ मध्ये पद्मभूषण. पण त्यांनी आपली विद्या मनापासून कोणाला दिली असे विचारले तर धोंडूताई कुलकर्णी हे एकच नाव पुढे येते. आकाशवाणीला त्या लांब ठेवत आणि आपले गाणे कोणी चोरून उतरवून घेईल याची त्यांना धास्ती असे, हे सर्वश्रुत आहे. मोगूबाईंना अकादमी पुरस्कार त्यांच्यानंतर पंधरा वर्षांनी, १९६८ मध्ये मिळाला आणि पद्मभूषण १९७४ मध्ये, पण तोवर त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर जाणत्या गायिका झाल्या होत्या आणि मोगूबाईंच्या हाताखाली अनेक शिष्यांची तालीम चालू होती. म्हणजे जिला मान आधी मिळाला तिने जपून वाटले आणि जिला उशिरा मिळाला तिने न मागता वाटले. सरकारी अनुदानाच्या अटीने केसरबाईंचा स्वभाव बदलला असता असे मला वाटत नाही. अट घातली असती तर त्यांनी तो कागदच परत केला असता!

तरीही आपल्याकडच्या सन्मानात काय राहून जाते हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या गुरूंना त्यांच्या वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एक पुरस्कार मिळाला. कोणाचा ते सांगत नाही. मी सोबत गेले होते. दोन तास त्या पहिल्या रांगेत पाठीला उशी घेऊन बसल्या, मग शाल, श्रीफळ आणि पितळी सन्मानचिन्ह स्वीकारले, आणि मानपत्रात त्यांच्या घराण्याचेच नाव चुकलेले निघाले. त्यांच्याकडे दोनशेच्या वर बंदिशींच्या वह्या होत्या, पण आजही शिकवता का, कोण येते, वह्या कुठे आहेत, यातले काहीच त्या संध्याकाळी किंवा त्यानंतर कोणी विचारले नाही. ते सन्मानचिन्ह वजनदार होते. पावसाळ्यात माजघरातल्या खिडकीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्या ते दारापाशी ठेवत, आणि मी गेले की हसत म्हणत, ‘बघ, उपयोगाला आले.’

माझी शंका अशी. जपानमध्ये ही मान्यता फार म्हातारपणी मिळते असे दिसते. मग शिकवायला उरते ते किती? शिवाय तिथेही घराणी आहेत, घराण्याचा प्रमुख असतो आणि नाव धारण करायचा परवाना त्याच्याकडून विकत घ्यावा लागतो असे ऐकले आहे. त्या उतरंडीत बायकांना जागा मिळते का? कलावंतांच्या घरात जन्मलेल्या आमच्या या दोघींना समाजाने काय काय सोसायला लावले हे ठाऊक असल्यामुळे हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

म्हापसा–नागोया

कुर्डीची लेक बाय, आपल्या गुरूंच्या खिडकीचे वाचून थोडा वेळ काही लिहिता आले नाही.

वयाबद्दलचा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. यामागुची यांना अवघी सात वर्षे मिळाली. बिवा या तंतुवाद्याच्या यामाझाकी क्योकुसुई यांचा जन्म १९०६ चा आणि मान्यता १९९५ ची, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यावर. त्या २००६ मध्ये गेल्या आणि त्यांच्या शिष्या ओकुमुरा क्योकुसुई यांना २०१६ मध्ये मान्यता मिळाली. दुसऱ्या बाजूला ओसाकाच्या किकुहारा हात्सुको. शामिसेन आणि कोतो ही तंतुवाद्ये वाजवत गाण्याचा ‘जिउता’ हा प्रकार त्यांच्याकडे होता. १८९९ साली जन्मलेल्या या बाईंना १९७९ मध्ये, ऐंशीव्या वर्षी मान्यता मिळाली आणि पुढे त्या २००१ पर्यंत जगल्या. बावीस वर्षे! तेव्हा किती उरते हे माणसागणिक वेगळे.

या तिन्ही स्त्रिया आहेत हे आपल्या लक्षात आलेच असेल. कोतो, जिउता, बिवा यांत स्त्रियांना मान्यता बऱ्यापैकी मिळाली आहे. जिथे रंगमंच पुरुषांचा आहे तिथे गोष्ट निराळी. बुनराकूच्या बाहुल्यांच्या खेळात कथा गाणारा पुरुषच असतो, पण तेच ‘गिदायू’ गायन खेळाबाहेर स्वतंत्रपणे गाणाऱ्या स्त्रियांची मोठी परंपरा आहे, आणि तिच्यातल्या ताकेमोतो कोमानोसुके यांना १९९९ मध्ये धारक मानले गेले. बुनराकूच्या मंचावर त्यांना जागा नाही आणि देशाच्या ठेव्यात मात्र आहे. यात न्याय किती आणि सोय किती, हे मला ठरवता येत नाही.

घराण्याबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. ‘इएमोतो’ म्हणजे घराण्याचा प्रमुख, आणि नाव मिळवण्यासाठी परीक्षा व शुल्क दोन्ही असतात. शाकुहाचीची दोन मोठी घराणी आहेत: अठराव्या शतकातल्या कुरोसावा किन्को यांच्या नावाने चालणारे किन्को, ज्याचे यामागुची होते, आणि १८९६ मध्ये सुरू झालेले तोझान. मूळ वाद्य फुके पंथाच्या भिक्षूंचे होते. डोक्यावर वेताची टोपली पालथी घालून, तोंड झाकून ते भिक्षेसाठी वाजवत. १८७१ साली सरकारने पंथच बंद केला आणि वाद्य आपसूक वाजवणाऱ्या सामान्य माणसांच्या हाती आले. एकदा वाऱ्यावर सोडलेल्या कलेला त्याच राज्यव्यवस्थेने शंभर-सव्वाशे वर्षांनी ठेवा म्हटले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

केसरबाईंबद्दल मी आपल्याशी अर्धाच सहमत आहे. अटीने स्वभाव बदलत नाही, हे खरेच. पण ‘ही विद्या तुमच्यापाशी आहे आणि तुमच्यानंतर तिची नोंदही राहणार नाही’ असे कोणी अधिकृतपणे सांगितले असते तर त्या बाणेदार बाईंनी काय केले असते, याचा विचार मी अनेकदा करतो. भैरवी घेऊन ‘व्हॉयेजर २’ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी सुटले, ‘व्हॉयेजर १’ त्यानंतर ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

तुलनेचा प्रश्न मूळ प्रश्नकर्त्यांनी विचारला होता, त्याचे उत्तर राहिले. अकादमी पुरस्कार एकदाच मिळतो, रक्कम १ लाख रुपये, आणि तो झालेल्या कामगिरीचा गौरव असतो. अकादमीची फेलोशिप, जिला अकादमी रत्न म्हणतात, ती त्याहून जवळची वाटते, कारण तिथेही एका वेळी ४० जणांची मर्यादा आहे. पण तीही गौरवच. पुढे काय करावे हे तिच्यात सांगितलेले नाही.

घुमट आरती (डिचोली)

चर्चा वाचून आनंद झाला. मी गाण्यातला नव्हे, घुमट या मडक्याच्या चर्मवाद्यातला. चवथीला आमच्या वाड्यावर आरत्या होतात त्यात गेली तीस वर्षे वाजवतो आणि मुलांना सुवारी शिकवतो.

आपण सर्वजण वाजवणाऱ्याविषयी बोलत आहात म्हणून विचारतो, वाद्य करणाऱ्याचे काय? घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते योग्यच थांबवले. नंतर बकऱ्याचे कातडे आले आणि २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य जाहीर केले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण जाहीर झाले म्हणून मडके घडवणारा कुंभार वाढला नाही. कातड्याचे मोठे तोंड आणि मोकळे लहान तोंड यांची मापे जुळली नाहीत, किंवा पोट एका बाजूला जाड राहिले, तर कातडे कितीही चांगले ताणले तरी नाद बसतो. माझ्याकडे पाच घुमटे आहेत. त्यांतली जुनी दोन ज्या माणसाने घडवली तो वारला, आणि त्याचा मुलगा आता कुंड्या करतो, कारण कुंड्यांना बारा महिने गिऱ्हाईक आहे. नवी तीन दिसायला सुबक आहेत, पण मोकळ्या तोंडावर डाव्या हाताने उघडझाप केली की जो घुमारा यायला हवा तो त्यांत येत नाही. दरवर्षी जुनी दोन कोणी वाजवायची यावरून आमच्यात भांडण होते.

दुसरे असे की सुवारी एकट्याची नसते. घुमट, शामेळ हे काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य आणि कासाळे म्हणजे झांजा मिळून ती होते. सत्कार करायला मंडळे येतात तेव्हा एकाचे नाव मागतात. कोणाचे द्यायचे?

म्हापसा–नागोया

घुमट आरती बाब, आपण विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचा विचार त्या कायद्यात झालेला आहे.

मान्यता तीन तऱ्हेने देता येते. एक एकट्या व्यक्तीला, आणि निंगेन कोकुहो हे नाव फक्त त्यांनाच लागते. दुसरी सामूहिक, म्हणजे ज्या कलेत अनेकांनी मिळूनच रूप येते तिथे त्या सर्वांना धारक मानतात. राजदरबाराचे गागाकू संगीत हे याचे ठळक उदाहरण, कारण १९५५ साली राजघराण्याच्या संगीत विभागातील वादकांना मिळून मान्यता दिली गेली. तिसरी हस्तव्यवसायांत चालते, तिथे त्या गावच्या किंवा मंडळाच्या संस्थेलाच धारक धरतात. सुवारी जपानात असती तर ती दुसऱ्या गटात गेली असती आणि आपल्याला एकाचे नाव द्यावे लागले नसते. (गागाकूचा उल्लेख आला म्हणून एवढेच सांगतो की त्यातल्या काही रचना बोधिसेन या भारतीय भिक्षूने आणि त्याच्या सोबत्याने आठव्या शतकात नेल्या अशी तिथली परंपरा सांगते. ७५२ साली नारातल्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन याच बोधिसेनाच्या हस्ते झाले.)

वाद्य करणाऱ्यांसाठी १९७५ च्या दुरुस्तीने वेगळी तरतूद झाली. ठेवा टिकवण्यासाठी ज्या हातांची गरज आहे त्या तंत्रांची निवड करून त्यांच्या धारकांना मान्यता देतात. कोतो आणि शामिसेनच्या तारा मुळात रेशमाच्या. आज कोतोवर बहुतेक ठिकाणी कृत्रिम धाग्याची तार असते, पण रेशमी तारेसाठी लागणारे सूत अजून शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या उत्तरेला किनोमोतो परिसरात, कोश उकळून हाताने काढतात आणि ते काढणाऱ्यांच्या मंडळाला अशी मान्यता आहे. मी एकदा तिथे गेलो होतो. उकळत्या पाण्यातून कोशांचे धागे एकत्र ओढणाऱ्या बाईंची बोटे लाल झालेली होती आणि खोलीभर शिजलेल्या किड्यांचा वास होता. कोतोच्या मैफिलीत हा वास कोणाला आठवत नाही, हे आपले उगाच मनात आले.

पण तिथे सर्व आलबेल आहे असे समजू नका. शामिसेनला मांजराचे आणि कुत्र्याचे कातडे लागत असे, ते आता मिळेनासे झाले आहे आणि कृत्रिम कातड्यावरून तिथेही आपल्या पाच घुमटांसारखीच भांडणे आहेत. गागाकूतली हिचिरिकी म्हणजे वीतभर लांबीची, शहनाईच्या जातीची सुषिर. तिच्या पत्तीसाठी ओसाकाजवळच्या योदो नदीकाठची उदोनो इथली लव्हाळी सर्वांत चांगली मानतात, आणि नव्या महामार्गाचा आराखडा त्या लव्हाळीवरून जात असल्याचे कळले तेव्हा वादकांना रस्त्याच्या विरोधात उभे राहावे लागले. आपल्याकडच्या कुंभाराला माती कुठून मिळते आणि ती जागा अजून मोकळी आहे का, हे एकदा पाहून ठेवा.

कुर्डीची लेक

अर्धी सहमती मला पुरेशी आहे. एक सूचना करते. अग्रशाळेतल्या श्रोत्यांनी यंदा ज्यांचा सत्कार ठरवला असेल त्यांना आधी जाऊन विचारावे की त्यांच्याकडे कोण शिकते. कोणी शिकत नसेल तर शालीच्या पैशांतून एका मुलाचे वर्षभराचे बसभाडे निघते. आणि मानपत्र छापण्यापूर्वी ते त्यांनाच वाचायला द्यावे.

अग्रशाळेतला श्रोता (फोंडा)

सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. एका वाक्याची शंका विचारली होती आणि मंडळाच्या बैठकीला पुरेल इतका ऐवज हाती आला.

काल रात्री कार्यकारिणीत हे सर्व वाचून दाखवले. यंदा आम्ही ज्या पखवाजवादकांचा सत्कार ठरवला होता त्यांच्याकडे आमचे दोन सभासद आज सकाळी गेले. त्यांच्याकडे एक मुलगा येत असे, दहावीच्या वर्षामुळे त्याने खंड पाडला आहे. परीक्षेनंतर तो पुन्हा यावा म्हणून त्याच्या वडिलांशी बोलायचे ठरले आहे. शाल द्यायचीच, असा आमच्या अध्यक्षांचा आग्रह आहे, कारण त्यांच्या मते शालीशिवाय सत्कार म्हणजे फेणीशिवाय चवथ. (ते स्वतः फेणी घेत नाहीत.) सन्मानचिन्हाचे पैसे मात्र बसभाड्याकडे वळवायला ते तयार झाले. सुवारीच्या पथकाचा एकत्रित गौरव करण्याचा विषय पुढच्या वर्षासाठी इतिवृत्तात नोंदवून घेतला आहे आणि त्याच्यापुढे ‘कुंभारासह’ असा शब्द मी आग्रहाने घालून घेतला.

स्मरणिकेतले वाक्य आता असे केले आहे: ‘किन्को घराण्याचे शाकुहाचीवादक यामागुची गोरो, ज्यांना पुढे १९९२ मध्ये जपान सरकारने त्या कलेचे धारक म्हणून मान्यता दिली, त्यांची तिशीत वाजवलेली रचना आणि आपल्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये एकाच यानातून अंतराळात गेली.’

मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंकडे ते दुपारी पाठवले. संध्याकाळी परत आले तेव्हा ‘धारक’ या शब्दाला त्यांनी बरोबरची खूण केली होती, आणि ‘एकाच यानातून’ या शब्दांखाली पुन्हा दोन रेघा होत्या. समासात लिहिले होते: ‘याने दोन आहेत, दोन्हींवर हीच तबकडी आहे. वरच्या चर्चेतच दोन तारखा दिल्या आहेत. नीट वाचत जा.’